आजारी कुंडी

दादाच्या पोटात औषधाने न मरणारे किडे सापडले, ही बातमी घोलवडला माझ्याआधी पोचली. मी मुंबईहून परत येऊन पाहते तर धाकटा भाऊ घरातून नाहीसा झालेला. दादा वाचण्याची जी काही आशा होती, ती सगळी त्या धाकट्याच्या रक्तात होती.

आम्ही तिघं भावंडं रानशेतची. थोरला दादा, मधली मी, आणि मग तो. बाबा घोलवडच्या चिकूवाड्यांत कलमं बांधायचे. त्यांच्या हाताखाली दादा शिकला आणि दादाच्या हाताखाली धाकटा. मला कलमाच्या सुरीला कुणी हात लावू दिला नाही, म्हणून मी शाळा शिकले आणि तलासरीजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई झाले. आई लवकर गेली, तिच्या पाठोपाठ बाबा. धाकटा तेव्हा पाचवीत होता. त्याला वाढवायचं म्हणून दादाने स्वतःचं लग्न पुढे ढकललं, ते ढकललंच. धाकट्याचं मात्र थाटात लावून दिलं, घोलवडच्या एका नर्सरीवाल्याच्या एकुलत्या एक मुलीशी. धाकटा सासऱ्याच्या नर्सरीतच राहायला गेला. मी त्याला घरजावई म्हणून डिवचायचे. तो चिडायचा नाही, सासूच्या हातचं जेवून अंगाने भरत चालला होता.

दोन हजार सोळाच्या पावसाळ्याआधी दादाच्या अंगावर निळे डाग यायला लागले. कुठे आपटलं नाही, लागलं नाही, तरी डाग. मग हिरड्यांतून रक्त आणि मग ताप. आमच्याकडे ज्याची सुई जास्त दुखते तो डॉक्टर चांगला. दादा असाच एक चांगला डॉक्टर धरून बसला. ताप आला की सुई, सलाईनची बाटली आणि कॅप्सूल. ताप उतरला की उरलेल्या कॅप्सूल फडताळात. पुन्हा ताप आला की आधी फडताळातल्या संपवायच्या, मग आणखी भारी आणायच्या. 'भारी' हा आमच्याकडे औषधाच्या बाबतीत फार मानाचा शब्द आहे. मी ओरडायचे, पण शाळेतल्या बाईचं ओरडणं घरात कोण मनावर घेतो!

तो अख्खा पावसाळा असाच गेला. बायकोला दिवस गेलेले असतानाही धाकटा सासर सोडून रानशेतला येऊन राहिला होता. दादाला उठवायचा, मोरीत न्यायचा, अंग पुसायचा. चमच्याने हिरड्यांना धक्का लागून रक्त यायचं, म्हणून भाताची पेज बोटांनी भरवायचा. मी शनिवार-रविवारी जायचे आणि त्याचं करणं बघून मला माझीच लाज वाटायची. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी त्याला पळपुटा म्हटलं आणि गावानेही म्हटलं.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही दादाला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की त्याच्या हाडातला मगज रक्त तयार करेनासा झाला आहे. औषधांनी काही काळ रेटता येईल, पण बरं व्हायचं तर भावाबहिणीच्या मूळपेशी त्याच्यात घालायला हव्यात. माझं रक्त तपासलं, ते उपयोगाचं नव्हतं. धाकट्याचं तंतोतंत जुळलं. आम्ही तिघंही त्या दिवशी इस्पितळाच्या कँटीनमध्ये बसलो, धाकट्याने आणि मी मिसळ खाल्ली. दादाला बाहेरचं खायची बंदी होती, त्याने आमच्या ताटांकडे बघत नुसता उकळलेला चहा घेतला. पण हसत होता.

दादाने ते सगळं आपल्या पद्धतीने समजून घेतलं. चिकूचं भेटकलम कसं करतात ते इथे सांगायला हवं. खिरणी म्हणजे चिकूच्याच जातकुळीतलं रानटी झाड, तिचं रोप कुंडीत वाढवायचं. चिकूच्या चांगल्या झाडाभोवती मांडव घालून त्यावर ती कुंडी ठेवायची किंवा फांदीलाच टांगायची. खिरणीची साल थोडी तासायची, चिकूच्या फांदीची थोडी तासायची, आणि दोन्ही जखमा एकमेकींवर बसवून पट्टीने घट्ट बांधायच्या. दोन-तीन महिने रोप आणि झाड एकमेकांना चिकटून जगतात. जीव धरला की फांदी तोडून कुंडी उतरवायची. ज्या झाडाला कुंड्या टांगतात त्याला बाबा आईझाड म्हणत. दादा धाकट्याच्या सासरी सगळ्यांसमोर बसून म्हणाला, की मी कुंडीतली खिरणी आणि हा माझं आईझाड, आमचं भेटकलम करणार आहेत. सगळे हसले. मलाही त्याची अक्कल आवडली. आजार एवढा सोपा करून सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

मग ती काडी आली. मूळपेशी देण्याआधी इस्पितळात रोग्याच्या बऱ्याच तपासण्या करतात, त्यात एक अशी की मागच्या वाटेने कापूस लावलेली काडी आत फिरवून घेतात. आतड्यात कोणते जंतू राहतात आणि ते कुठल्या औषधाला जुमानत नाहीत, ते त्यावरून बघायचं. काडी घेणारी नर्स विशीतली पोरगी. दादाने आयुष्यात परक्या बाईसमोर सदरा काढला नव्हता. काडी घेऊन झाल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि मी हाक मारली तर नुसता हुंकार दिला. मला वाटलं, एवढी मानहानी झाली, आता निदान निकाल तरी चांगला येईल. जसं काही त्याचा याच्याशी संबंध होता.

निकाल वाईट आला. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून नीट सांगितलं. दादाच्या आतड्यात असे जंतू मुक्कामाला होते की ज्यांच्यावर सगळ्यात जोराची औषधंसुद्धा चालत नाहीत. आत्ता ते त्याला काहीच करत नव्हते, गुपचूप बसून होते. पण नव्या पेशी घालण्याआधी त्याचा जुना मगज औषधांनी पार मोडून काढावा लागणार होता. त्या दिवसांत अंगात जंतूंशी लढणारे शिपाई उरत नाहीत. तेव्हा हे जंतू आतड्यातून रक्तात उतरले की माणूस बघता बघता जातो. म्हणून आधीच माहीत असलेलं बरं. वेगळी खोली द्यायची, कोणती औषधं थोडीफार चालतात ते आधीच बघून ठेवायचं, आणि ताप आला की क्षणभरही न थांबता तीच सुरू करायची. पेशी देणं रद्द होणार नव्हतं. मी विचारलं, तोवर औषध देऊन हे जंतू काढून टाकता येणार नाहीत का? त्या म्हणाल्या, "औषधं देऊन देऊनच तर ते असे झालेत. आता घरी कुणी काही देऊ नका, म्हणजे झालं."

दादाच्या खोलीबाहेर पाटी लागली. आत जाताना पिवळा झगा, हातमोजे. दादाने मला झग्यात पाहिलं आणि विचारलं, "मला वाळीत टाकलं का गं?" मी म्हटलं, तुला नाही, तुझ्या पोटातल्यांना टाकलंय. त्याला ते पटलं की नाही कोण जाणे. त्याच दिवशी मी धाकट्याला फोन करून सगळं सांगितलं आणि कधी यायचं तेही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, 'बरं' म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन बंद.

मी रजा टाकून घोलवडला गेले. धाकट्याची बायको दारात आली, पोट दिसत होतं, डोळे सुजलेले. कुठे गेला विचारलं तर तिने कानावर हात ठेवले. तिचे वडील नर्सरीत होते. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. तसे ते माणूस वाईट नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता. समोर मोठ्या झाडाभोवती मांडव होता आणि त्यावर ओळीने खिरणीच्या कुंड्या बांधलेल्या होत्या. त्यांनी तिकडे हात केला.

"बाई, आजारी कुंडी आम्ही आईझाडाला टांगत नाय. तुमच्या बाबांनीपण कधी टांगली नाय. कुंडी मेली तर एक कुंडी जाते. झाड गेलं तर सगळंच गेलं."

मी म्हटलं, मामा, माणसं झाडं नसतात. तर ते शांतपणे म्हणाले की तुमच्या दादानेच इथे बसून सांगितलं, भेटकलम करणार म्हणून. आता त्याच्या अंगात न मरणारे किडे निघाले, ते याच्यात येणार, याच्यातून माझ्या मुलीत आणि मुलीतून तिच्या पोटातल्या जिवात. मी समजावलं की दोघांना कुणी एकत्र बांधणार नाही, शेजारी झोपवणारसुद्धा नाही. धाकट्याच्या एका हातातून रक्त यंत्रात जाणार, यंत्र हव्या त्या पेशी काढून घेणार आणि बाकीचं रक्त त्याचं त्यालाच परत देणार. दादा तेव्हा दुसऱ्या मजल्यावर असेल. त्यांनी मान हलवली, पण ती मान हलवणं मी वर्गात रोज बघते. समजलं का विचारलं की सगळी पोरं अशीच हलवतात.

शेवटी धाकट्याच्या बायकोनेच मला फाटकापर्यंत सोडताना सांगितलं, की तो उंबरगावकडे एका नर्सरीत कलमं बांधतोय. मी तशीच निघाले. हद्द ओलांडली की पाट्या गुजराती होतात, झाडं तीच. धाकटा मांडवाखाली उकिडवा बसून पट्टी बांधत होता. मला बघून उठला नाही. वाटेत मी जे जे ठरवलं होतं ते सगळं बोलले. दादाने तुझ्यासाठी लग्न केलं नाही, तुझी फी भरली, तुझ्या लग्नात जोडे उचलले, आणि आता त्याचा जीव जायची वेळ आली तर तू शेपूट घालून पळालास. पळपुटा म्हटलं, आणखीही बोलले. शेजारची माणसं काम थांबवून बघत होती. त्याने हातातलं कलम पुरं बांधलं, सुरी पुसून ठेवली आणि मग बोलला.

"माझं काय व्हायचं ते होऊ दे ताई. पण घरात बाळ येणाराय. मी येतो. फक्त आधी माझीपण काडी घ्यायला सांग. मी जाताना कसा होतो आणि येताना कसा आलो, ते मला कळलं पाहिजे."

मला तेव्हा तो हिशेबी वाटला. भाऊ मरणाच्या दारात आणि याला पावती हवी, असं मनात आलं. आज वाटतं, आमच्या सगळ्यांत त्यानेच त्यातल्या त्यात शहाण्यासारखा विचार केला होता. मी 'बरं' म्हटलं आणि त्याला घेऊन निघाले.

पण दरम्यान आमचं घोडं अडलं होतं. देणारा हजर नाही म्हटल्यावर नव्या पेशी घालायच्या वेळेसाठी दादाच्या नावाने राखून ठेवलेली खास खोली दुसऱ्या रोग्याला दिली होती. तिथेही कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी मुलगा होता, त्यांना काय बोलणार? आम्हाला थांबायला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला बजावून सांगितलं की पेशी देणाऱ्याची अशी काडी घ्यायची गरज नसते, त्याच्या पोटातल्या जंतूंचा पेशींशी काही संबंध नाही. तो ऐकेना. शेवटी, हा काडीवाचून सही करणार नाही हे बघून त्यांनी काडी घ्यायला सांगितली. त्याने ती मुकाट्याने घेऊ दिली. पिवळा झगा घालून तो दादाच्या खोलीच्या दारात उभा राहिला. आत गेला नाही. दादा ओठांवरचं रक्त पुसत म्हणाला, "आलास? सुरी आणलीस का?" धाकटा हसला, आणि मग रडला, दारातच.

त्याच्या दोन-तीन दिवसांनी, अजून काहीच सुरू झालेलं नसताना, दादाला ताप भरला. जुना मगज मोडायचीसुद्धा वाट त्या जंतूंनी पाहिली नाही. त्याच्या अंगात शिपाई आधीच नव्हते. काडीचा निकाल हाताशी होता म्हणून डॉक्टरांनी शोधाशोध न करता नेमकी औषधं लावली. त्यांच्याकडून एक क्षणही वाया गेला नाही, हे मी बघितलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्तदाब पडायला लागला. दुपारी दादा बरळत होता, कुंड्यांना पाणी घाला म्हणत होता. संध्याकाळ व्हायच्या आत तो गेला. मी हातमोजे घातलेल्या हाताने त्याचे डोळे मिटले. रबराच्या आडून त्याची पापणी मला नीट लागलीसुद्धा नाही. त्या गोष्टीची चीड माझ्या मनातून अजून जात नाही.

मला वाटत होतं की आता सगळं संपलं, आता फक्त धाकट्यावरचा राग तेवढा उरला. तो मी जन्मभर पुरवून वापरणार होते. चार दिवस आधी आला असता तर खोली मिळाली असती, खोली मिळाली असती तर कदाचित दादाही मिळाला असता. तेवढ्यात बाकीच्या कागदांबरोबर धाकट्याच्या काडीचा निकाल हातात आला. त्याच्याही पोटात तेच जंतू होते.

डॉक्टरीणबाई आमच्याजवळ बाकावर येऊन बसल्या. त्यांनी सांगितलं की यात घाबरण्यासारखं काही नाही, धडधाकट माणसाला ते काही करत नाहीत, आपल्याकडे किती तरी लोकांच्या पोटात ते असतात आणि त्यांना कधी कळतही नाही. कुणाकडून कुणाला गेले हे सांगता येत नाही. दोघांचं पाणी एक, घर एक, डॉक्टर एक, फडताळातल्या कॅप्सूल एक. हात धुवायचे, एवढंच. मी सगळं ऐकलं. धाकट्याने फक्त शेवटचं ऐकलं.

दादाला रानशेतला नेताना शववाहिकेत आम्ही दोघंच मागे होतो. मनोर मागे पडलं.

"मला वाटायचं, त्याचं मला लागेल," तो म्हणाला. "ताई, मी बोटांनी भरवायचो त्याला."

मी म्हटलं, नाही रे, तसं काही नसतं, त्या बाई म्हणाल्या ना. खूप वेळा म्हटलं. राग कुठे गेला मला कळलंही नाही. तो राग टिकला असता तर फार बरं झालं असतं. राग असला की धरायला काहीतरी असतं. धाकटा आपल्या हातांकडे बघत बसला होता आणि मी बाहेर बघत होते.

पुढे त्याला मुलगी झाली. बारशाला आत्या म्हणून मीच तिच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी माझ्या पाठीवर रीतीचे धपाटे घातले. मग मी बाळ घेऊन त्याच्यासमोर गेले आणि म्हटलं, घे. सगळे बघत होते. तो म्हणाला, हात धुऊन येतो. बाहेरच्या नळावर गेला. साबणाचा आवाज, पाण्याचा आवाज, पुन्हा साबणाचा. त्याचे सासरे उठून त्याला आणायला गेले आणि तेही तिथेच उभे राहिले. बाळ रडायला लागलं तेव्हा मी ते तिच्या आईकडे दिलं.

त्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं, डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलणं करून दिलं, मी स्वतः चार्ट काढून समजावलं. तो मान हलवतो. त्याच्या सासऱ्यांनी तर एकदा सगळ्यांसमोर त्याचे हात धरून माफी मागितली, म्हणाले, मी अडाणी, मी उगाच झाडाचं माणसाला लावलं. त्याने त्यांनाही हात सोडायला लावले आणि धुवायला सांगितलं.

मुलगी चालायला शिकली ती आजोबांचं बोट धरून. आता अडीच वर्षांची आहे, नर्सरीभर पळत असते. परवा गेले होते तेव्हा ती अंगणातून धावत त्याच्याकडे आली. तिने आपल्याला धरू नये म्हणून त्याने झटकन दोन्ही हात वर केले. तिला तो खेळ वाटतो. तीही त्याच्यासमोर थांबली आणि हसत हसत दोन्ही हात वर करून उभी राहिली.